अवकाशाच्या मालिकेला संगीत देताना

अवकाशात निर्वात पोकळी असल्याने आवाज पोचत नाही. तरीही पडद्यावर दीर्घिका दिसली की सूर हवेतच, कारण नुसत्या चित्रातून त्या अंतराची जाणीव होत नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या १३ भागांच्या ‘कॉसमॉस’ (१९८०) मालिकेत व्हँगेलिस यांचे सिंथेसायझरवरचे लांबलेले सूर हेच काम करतात.

संगीतकाराची खरी कसोटी निवेदनापाशी लागते. बोलणाऱ्याच्याच पट्टीत बासरी वाजवली तर शब्द बुडतात. म्हणून खाली खर्जाचा सलग सूर ठेवायचा, मधली जागा निवेदकाला सोडायची आणि तो थांबला की धून पुढे आणायची. या खर्जासाठी तंबोऱ्याइतकं योग्य वाद्य नाही, असं मला ठामपणे वाटतं.

सेगन यांचं नाव भारतीय सुरांशीही जोडलेलं आहे. १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीसाठी त्यांच्या समितीने गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी निवडली. ती जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावत असे आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या या गायिकेने तेवढ्यात राग उभा केला. मालिकेच्या संगीतकारालाही असंच मोजक्या सेकंदांत भाव उभा करायचा असतो.

छत्रपती संभाजीनगरात घरच्या संगणकावर पार्श्वसंगीत रचणाऱ्या तरुणांनी ही भैरवी एकदा डोळे मिटून, पूर्ण ऐकावी.