हौशी छायाचित्रकार आणि काजव्यांचें झाड

हौशी छायाचित्रकाराला विषयांची वाण कधीं पडत नाहीं. पहिल्या सरीनंतर वाफाळणारा डांबरी रस्ता, आजीच्या हातांवरील सुरकुत्या, कोळ्याच्या जाळ्यांत अडकलेले दंवबिंदू, वारींतील पताका, पडक्या वाड्याचा दिंडीदरवाजा, जें जें नजरेंत भरेल तें तें तो टिपून ठेवितो. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, त्या वेळीं शंभर चित्रें घेऊन झालीं कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावा लागे. आतां तितकीं चित्रें खिशांतल्या मोबाइलवर एका दुपारीं निघतात आणि दिवेलागणीच्या आंत स्नेह्यांच्या हातीं पोंचतात.

परंतु विषय रानांतला असला म्हणजे ही हौस निराळें वळण घेते. ठाण्याच्या खाडीवर रोहित पक्षी टिपणारा मनुष्य आधीं भरती-ओहोटीचें कोष्टक पाहतो. पाणी चढूं लागलें कीं पक्षी दूरचा चिखल सोडून कांठाकडे सरकतात, हें त्यास ठाऊक असतें. तेथें धीर धरला म्हणजे भागतें. काजव्यांचें तसें नाहीं.

मृगाच्या आगेमागें भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा-बेहड्यासारखीं झाडें काजव्यांनीं लखलखूं लागतात. हा देखावा टिपण्यासाठीं कॅमेरा तिवईवर पक्का बसवून त्याचा पडदा वीस-तीस सेकंद उघडा ठेवितात, आणि अशीं अनेक चित्रें मागाहून संगणकावर एकावर एक जुळवितात. म्हणून चित्रांत सारें झाड एकदम पेटल्यासारखें दिसतें; प्रत्यक्ष पाहणाऱ्याला इतके दिवे एका क्षणीं दिसत नाहींत. यास लबाडी म्हणण्याचें कारण नाहीं. मात्र चित्राखालीं तशी नोंद असलेली बरी.

खरी अडचण दुसरीच आहे. ही उघडझाप म्हणजे नरानें मादीला केलेली खूण. जवळपास विजेरी पेटली, मोटारीचे दिवे पडले, कीं ती खूण पुसट होते व जोडी जमत नाहीं. काजव्याचें बहुतेक आयुष्य अळीच्या रूपानें ओलसर मातींत, गोगलगायी खाण्यांत सरतें. पंख फुटल्यावर उरतात ते थोडे आठवडे. त्यांतल्या रात्री फुकट गेल्या, तर पुढच्या पिढीचीं अंडीं पडावयाचीं कशीं? शिवाय तिवई रोवण्यासाठीं लोक थेट बुंध्याशीं जातात, आणि माद्या पुष्कळदां तेथेंच गवतांत बसलेल्या असतात.

घरट्यांची गोष्ट याहून वेगळी नाहीं. आड येणारी डहाळी कापली कीं पिलांवर ऊन पडतें आणि कावळ्याला वाट सांपडते. वन्यजीवनाच्या कांहीं छायाचित्रस्पर्धांतून घरट्यांचीं चित्रें त्यामुळें घेतच नाहींत.

चित्र दुसऱ्यास दाखविलें म्हणजे पत्ताही त्याबरोबर जातो. एखादें चांगलें चित्र फिरूं लागलें कीं पुढच्याच शनिवारीं त्या झाडाखालीं मोटारींची रांग लागते. जाणते हौशी लोक म्हणून चित्राखालीं गांवाचें नांव घालीत नाहींत. ‘सह्याद्री, ज्येष्ठ’ एवढेंच लिहितात. कोणीं फारच आग्रह धरला, तर विजेरीच्या कांचेवर लाल कागद लावावयास सांगून त्यास बरोबर नेतात.