घोडे वाढले, गाडी जड झाली

 कवी माणूस बोलायला आला की पाऊस, चांदणं, फार तर गावाकडची नदी, अशी तुमची अपेक्षा असणार. आज मी मोटारींवर बोलणार आहे. त्यातही मला-तुम्हाला परवडणाऱ्या मोटारींवर नाही, तर ज्यांची किंमत ऐकून घशाला कोरड पडते त्या वेगवान आणि आलिशान मोटारींवर. विकत घ्यायची ऐपत नसली तरी मत असायला हरकत नाही. सिनेमा काढता येत नाही म्हणून आपण सिनेमाला नावं ठेवायचं थांबवतो का?

हे वेड लहानपणचं. शाळा सुटली की मी घराजवळच्या गॅरेजात जाऊन बसायचो. तिथले उस्ताद प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. क्षणभर ऐकून म्हणायचे, ‘‘टॅपेट बोल रहा है.’’ यंत्र बोलतं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं, हे मी तिथे शिकलो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या गाडीचं इंजिन जेमतेम ११०० सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. पण तेवढ्यात अख्खं कुटुंब, वर टपावर ट्रंक, असा सगळा संसार घाट चढून जायचा.

आता ही अश्वशक्ती म्हणजे काय? ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती एक अश्वशक्ती. म्हणजे एका धडधाकट माणसाला दर सेकंदाला मीटरभर उचलत राहायचं. तिच्या जोडीला दुसरा शब्द येतो, टॉर्क. तो मला उस्तादांनीच समजावला, नाव न घेता. गंजलेला नट सुटेना की ते म्हणायचे, ‘‘पान्याला पाइप लाव.’’ दांडा लांब झाला की तेवढ्याच जोरात जास्त पीळ बसतो आणि नट कुरकुरत सुटतो. हा पीळ म्हणजे टॉर्क. आणि तो पीळ किती झपाट्याने, पुन्हा पुन्हा देता येतो, ती अश्वशक्ती. गाडी जागेवरून हलते ती पिळाच्या जोरावर, आणि वेगात टिकते ती घोड्यांच्या जोरावर.

परंतु जाहिरातीत एक तिसरा आकडा नेहमी बारीक अक्षरात असतो. तो म्हणजे वजन. माझं सगळं भांडण या आकड्याशी आहे.

बीएमडब्ल्यूची एम ५ ही गाडी घ्या. घरातल्या चौघांना घेऊन जाणारी, दिसायला सभ्य, पण पळायला चित्ता, अशी तिची ख्याती. १९८५ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात २८६ अश्वशक्ती होती आणि वजन साडेचौदाशे किलोंच्या आसपास. २०२४ साली आलेल्या नव्या एम ५ मध्ये ७२७ अश्वशक्ती आहे. आकडा ऐकून टाळी वाजवावीशी वाटते. पण हिचं वजन २,४०० किलोंच्या वर आहे! हिच्या आधीच्या पिढीतली एम ५ कॉम्पिटिशन ६२५ अश्वशक्तीची होती आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.३ सेकंदांत गाठायची. नवीला कंपनीच्याच आकड्यांनुसार ३.५ सेकंद लागतात. शंभर घोडे जास्त जुंपले आणि गाडी तसूभर मागे पडली. कारण ते घोडे आता प्रवाशांना नाही, बॅटरीला आणि मोटारीला ओढताहेत.

मर्सिडीजच्या एएमजी सी ६३ ची कथा याहून करुण. हिच्यात पूर्वी चार लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन होतं. सकाळी सुरू केलं तर शेजारी जागा व्हावा असा त्याचा खर्ज. २०२२ साली त्याच्या जागी दोन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन आलं, सोबत विजेची मोटर आणि बॅटरी. एकूण ताकद ६८० अश्वशक्ती, वजन २,१०० किलोंवर. आकडे सगळे सरस. पण गवयाला रजा देऊन त्याच्या जागी हिशेबनीस बसवावा, तसं झालं. जुन्या ग्राहकांनी नाकं मुरडली, ती मला तरी योग्य वाटतात.

हे का होतंय? अभियंते बिघडले म्हणून नव्हे. युरोपात कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या कार्बन उत्सर्जनाची सरासरी काढतात आणि मर्यादा ओलांडली तर दंड बसतो. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनही आणि बाहेरून चार्ज करायची बॅटरीही, अशी गाडी या परीक्षेत फार हुशार ठरते. चाचणीचा बराचसा भाग ती विजेवरच काढते. म्हणून ७२७ घोड्यांची ती एम ५ आली तेव्हा कागदावर १०० किलोमीटरला दोन लिटरहून कमी पेट्रोल पीत होती. रस्त्यावर काय होतं? युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये अशा गाड्यांची प्रत्यक्ष वापरातली माहिती तपासली तेव्हा त्यांचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीन पट निघालं. लोक चार्जिंग करायचा कंटाळा करतात, दुसरं काय! म्हणजे हवाही सुधारली नाही आणि गाडीही बिघडली. त्यापेक्षा संपूर्ण विजेवर चालणारी गाडी मला प्रामाणिक वाटते. तिची शांतता खरी असते आणि विजेच्या मोटारीचा पीळ पहिल्या क्षणापासून पुरता मिळतो.

माझा राग खोट्या आवाजावर आहे. २०११ च्या एम ५ पासून इंजिनाचा आवाज स्पीकरमधून गाडीच्या आत वाजवायला सुरुवात झाली. गाडी इतकी बंदिस्त आणि इंजिन टर्बोमुळे इतकं दबलेलं, की मालकाला स्वतःचं इंजिन ऐकू येईना. मग ते ऐकवायची सोय केली. आज माझे उस्ताद असते तर स्क्रूड्रायव्हर लावून कुठे ऐकणार होते? स्पीकरला?

आता आलिशान गाड्यांविषयी. २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींचा सौदा झाला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. मलाही छाती फुगल्यासारखी वाटली. मराठवाड्याकडे पाहायची लोकांची नजर त्या दिवशी थोडी बदलली. पण ऐश म्हणजे काय, हा प्रश्न राहतोच. माझ्या मते ऐश म्हणजे आराम. २०२२ पासून पुण्याजवळ चाकणला जुळणी होऊ लागलेल्या विजेच्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये समोर ५६ इंच रुंदीची काच आहे, तीत तीन पडदे. दिसतं सुंदर. पण एसी कमी करायचा तर नजर रस्त्यावरून काढून काचेवर न्यावी लागते. जपमाळ असो की तसबीह, मणी न पाहता बोटांना कळतो. जुन्या गाडीचं बटण तसं होतं. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेलाही हे पटलंय. दिशादर्शक दिवे, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना बोटांना कळणारी बटणं किंवा दांड्या असाव्यात, यासाठी २०२६ पासून तिने गुण ठेवले आहेत.

दुसरी फसवणूक चाकांची. एकवीस इंची चाक, त्यावर टायरची पातळशी पट्टी. फोटोत रुबाबदार दिसतं. पण खड्ड्याचा धक्का आधी टायरच्या बाजूच्या जाड रबराने आणि आतल्या हवेने सोसायचा असतो. तेच कापून टाकलं तर धक्का थेट कमरेला. आपल्या रस्त्यांवर तर रिमही वाकते. दीड कोटी मोजून पाठदुखी कशाला विकत घ्यायची?

मग चांगली गाडी कोणती, असं विचाराल. वेगवान गाड्यांत माझं मन पोर्शे ९११ जीटी ३ वर आहे. टर्बो नाही, बॅटरी नाही. चार लिटर, सहा सिलिंडर, मिनिटाला ९,००० फेरे आणि वजन दीड टनाच्या आत. आणि आदर आहे तो गॉर्डन मरे या अभियंत्याविषयी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या या माणसाने १९९२ साली जगापुढे आलेली मॅकलॅरेन एफ १ घडवली. चालक मधोमध, दोन प्रवासी दोन बाजूंना. १९९८ साली तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. अलीकडच्या त्यांच्या टी ५० या गाडीचं वजन तर एक टनाच्याही आत आहे. कवितेत अनावश्यक शब्द खोडावा तसा हा माणूस गाडीतून ग्रॅम ग्रॅम खोडतो. ती गाडी अब्जाधीशांचीच, हे खरं. पण तत्त्व सर्वांना लागू आहे. आपली साधी स्विफ्ट नऊशे किलोंच्या आसपास असते, म्हणूनच वळणावर ती हलक्या पावलांनी नाचते.

वाढत्या वजनाची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे. पद्मिनीत एअरबॅग नव्हती, धडक सोसून चेपणारा पुढचा भाग नव्हता. आजचं थोडं वजन जीव वाचवतं. प्रश्न आहे तो कोणाचा जीव, हा.

भौतिकशास्त्राचा नियम शाळेत शिकलेलाच आहे. गाडीचं वजन दुप्पट झालं तर धडकेतली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला विजेवर चालणाऱ्या पोर्शेची धडक बसून मोटारसायकलवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, गेले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. मी त्या दिवशी वर्तमानपत्र वाचलं आणि वेगवान गाड्यांची माझ्या कपाटातली मासिकं आठवडाभर उघडली नाहीत. दोन टनांहून जड गाडी नुसत्या अंगठ्याच्या दाबाने तीन-चार सेकंदांत शंभरवर जाते, कसलाही आवाज न करता, कसलीही धाप न लागता. जुन्या गाडीत वेग वाढला की स्टिअरिंग थरथरायचं, इंजिन ओरडायचं, गाडीच सांगायची की बाबा, आता पुरे. नव्या गाडीने ते सांगणं बंद केलंय.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे. साडेतीन सेकंदांत ती गाठल्यावर उरलेले शेकडो घोडे काय करणार? नुसते तबेल्यात उभे. आणि उभ्या घोड्यांना कधी ना कधी उधळावंसं वाटतंच.

म्हणून नवी गाडी घ्यायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं. शोरूममध्ये अश्वशक्ती जरूर विचारा, पण त्याआधी वजन विचारा. चालवून पाहताना स्पीकर बंद ठेवा आणि काच खाली करा. गाडी तुमच्याशी काही बोलते का, ते ऐका.

उस्ताद तेवढंच करायचे.