दार बंद का आहे, हे विचारणारं कुणीतरी

दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एक आजी दिवसदिवस खोलीबाहेर येईनाशा झाल्या. जेवणापुरत्या यायच्या, की पुन्हा आत. घरकामाला येणाऱ्या बाईंना हे खटकलं आणि त्यांनी ते आजींच्या मुलीच्या कानावर घातलं. तोवर डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात आजींचे २० कोटींहून जास्त रुपये अनोळखी खात्यांत गेले होते. तुमच्या आधार कार्डावर काळ्या पैशाचं खातं उघडलंय, असं फोनवरच्या ‘पोलिसा’ने त्यांना सांगितलं होतं.

शिकलीसवरलेली माणसं यात अडकतातच कशी, असं अनेक जण विचारतात. मला या प्रश्नाचा राग येतो. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांच्याकडून २०२४मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यासाठी व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय भरवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले. कारखानदारीचा एवढा पसारा सांभाळलेल्या माणसाला बुद्धी कमी होती, असं कोण म्हणेल? ही पिढी वीजबिल मुदतीआधी भरणारी, सरकारी शिक्क्याचा कागद दोनदा वाचून जपून ठेवणारी. पोलीस दारात येणं म्हणजे आयुष्यभराच्या अब्रूवर पाणी. भामटे नेमकं हेच ओळखून असतात. म्हणून सगळ्यात घातक वाक्य पैशांचं नसतंच. ‘ही गुप्त चौकशी आहे, मुलांना सांगितलंत तर तेही अडकतील’, हे ते वाक्य. ते ऐकलं की आई-वडील पोरांना वाचवण्यासाठी गप्प बसतात, कॅमेरा चालू ठेवतात आणि सांगितलं तसं करत जातात.

फोनवरूनच अटक केल्याचं भासवण्याच्या या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात; पण अशी गोष्ट आपल्या कायद्यात नाही. अटक माणसाला प्रत्यक्ष ताब्यात घेऊनच होते आणि २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटकही करता येत नाही. आणि ‘पडताळणीसाठी पैसे या खात्यात भरा, नंतर परत देऊ’ असं कुठलंही पोलीस ठाणं किंवा न्यायालय सांगत नाही. हे सगळं घरातल्या वडीलधाऱ्यांशी एखाद्या निवांत दुपारी, चहा घेताना बोलून ठेवायला हवं. फोन आल्यावर ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतात.

बँकेची खिडकी हा मधला एक थांबा. मुदत ठेव मोडायला आलेल्या आजोबांना ‘काका, एवढी घाई कशासाठी?’ असं आपुलकीने विचारणारा कर्मचारी फार मोलाचा. अर्थात, काय उत्तर द्यायचं हेही भामट्यांनी पढवलेलं असतं. तेव्हा एका उत्तरावर न थांबता, घरच्या कुणाला तरी फोन लावून देण्याइतका आग्रह त्याने धरावा. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये ‘डिजिटल अरेस्ट’च्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये देशभरातला तपास सीबीआयकडे दिला. बँकांच्या भूमिकेकडेही न्यायालयाने बोट दाखवलं, ते योग्यच झालं.

पैसे गेलेच, तर वेळ फार थोडा असतो. पहिल्या खात्यातून ते भाड्याने घेतलेल्या इतर खात्यांत पांगतात आणि काढले जातात. त्याआधी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार पोहोचली, तर रक्कम मध्येच गोठवता येते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचं नाव हाताशी ठेवून आधी तो फोन लावायचा. ‘बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही?’ हे विचारूच नये. त्या भीतीनेच कितीतरी जण दोन-दोन दिवस घरात काही बोलत नाहीत, आणि तेवढ्यात खाती रिकामी झालेली असतात.