डब्याच्या आतली आवराआवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टेबलाखाली किंवा टेबलावर कॉम्प्युटरचा जो उभा डबा असतो, त्याला आपल्याकडे बहुतेक घरांत 'सीपीयू' म्हणतात. खरं म्हणजे सीपीयू हा त्या डब्याच्या पोटातला, चौकोनी बिस्किटाएवढा एक भाग. बाकी डब्यात असतात मदरबोर्ड, डिस्क, पंखे, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरी. डबा बंद असतो तोवर वायरी दिसत नाहीत. म्हणूनच की काय, कॉम्प्युटर असेंबल करताना सर्वांत कमी लक्ष त्यांच्याकडे जातं. माझंही जात नसे. ते का जायला लागलं, ते आधी सांगतो.

२००१ सालची गोष्ट. नोकरी सांभाळून मी सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या लोकांना कॉम्प्युटर जोडून देत असे. डोंबिवलीहून लोकलने मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जायचं, यादीप्रमाणे सुटे भाग पारखून घ्यायचे, पिशव्या छातीशी धरून परत यायचं आणि रात्री जेवणानंतर जोडायला बसायचं. आमच्या मागच्या इमारतीतल्या एक बाई घरी डीटीपीची कामं घेत. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच एक दिवाळी अंक. त्यांना मी कॉम्प्युटर जोडून दिला.

दोन महिने बरे गेले. मग त्यांचे फोन यायला लागले. "अहो, मधेच अडकतो. माउस हलत नाही की काही नाही. बंद करून चालू करावा, तर केलेलं सगळं गेलेलं!" मी फोनवरच निदान केलं. म्हटलं, व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, स्टॅबिलायझर घ्या. त्यांनी घेतला. तक्रार होती तशीच राहिली. शेवटी एका संध्याकाळी जाऊन डबा उघडला. हार्ड डिस्कची रुंद पट्टीसारखी केबल मी जोडताना तशीच लोंबती सोडली होती. ती प्रोसेसरवरच्या पंख्याला टेकली होती आणि पंखा जागचा हलत नव्हता. टेबल पुसताना डबा जरासा सरकला की केबल पंख्यात अडके, पुन्हा सरकला की सुटे. त्यामुळे एक दिवस काम सुरळीत आणि दुसऱ्या दिवशी ठप्प!

केबल बाजूला करून कॅबिनेटच्या दांडीला बांधली. दहा मिनिटांचं काम. बाईंना म्हणालो, "आत धूळ होती, साफ केली. आता चालेल." धूळ होतीच, त्यामुळे अगदी खोटं बोललो असं नाही. पण खरंही बोललो नव्हतो. त्यांचे स्टॅबिलायझरचे पैसे गेले होते, कितीतरी रात्रींचं काम पुन्हा करावं लागलं होतं आणि चूक माझी होती.

त्याच सुमारास माझे काका घरी आले होते. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. मी जोडत असलेल्या एका कॉम्प्युटरच्या डब्यात डोकावून ते म्हणाले, "हे उद्या कोण उघडणार?"

"मीच."

"आणि तू नसलास तर?"

मग त्यांनी त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगितली. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो वायरी असत. त्या मेण लावलेल्या दोऱ्याने, ठरावीक अंतरावर गाठी मारत, कोथिंबिरीच्या जुडीसारख्या बांधत. ज्या वायरीला जिथे वळायचं, तिथेच ती जुडीतून बाहेर पडे. रात्रीच्या पाळीत बिघाड झाला, तर सकाळच्या माणसाने बांधलेली वायर नेमकी सापडली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. ही दोऱ्याची पद्धत विमानांत आणि अंतराळयानांत अजूनही वापरली जाते. आज आपण जी दातेरी नायलॉनची पट्टी 'केबल टाय' म्हणून वापरतो, तिचा जन्मही विमानातल्या वायरींमुळेच झाला. विमानाच्या कारखान्यात कामगार दोऱ्याने वायरी बांधताना पाहून एका अमेरिकन कंपनीच्या संशोधकाला ती सुचली आणि १९५८ साली ती बाजारात आली.

काकांचं बोलणं मला पटलं. आता उत्साहाच्या भरात मी दुसऱ्या टोकाला गेलो. त्या काळी हार्ड डिस्कची केबल म्हणजे सुमारे दोन इंच रुंद, करडी पट्टी असे. मी ब्लेडने ती उभी चिरली, तिच्या बारीक पट्ट्यांची गुंडाळी केली आणि वर चिकटपट्टी मारली. दिसायला सुरेख! पण फायली कॉपी करताना चुका व्हायला लागल्या. कारण नंतर वाचलं तेव्हा कळलं. त्या पट्टीला जोडणाऱ्या पिना ४० असल्या, तरी वेगवान डिस्कच्या पट्टीत वायरी ८० असत. माहिती वाहणाऱ्या दर दोन वायरींच्या मध्ये एक 'अर्थ'ची वायर. शेजारच्या दोन वायरींमधला संदेश एकमेकांत मिसळू नये म्हणून ती भिंतीसारखी उभी. मी चिरून, चुरगळून ती रचनाच मोडली होती. आवरताना वस्तू तशी का आहे हे आधी समजून घ्यावं, हा धडा तेव्हा मिळाला.

२००३ साली 'साटा' नावाची नवी केबल आली. बोटभरही रुंद नसलेली, आत फक्त ७ वायरी, आणि लांबी एक मीटरपर्यंत चालणारी. डब्यातली निम्मी अडगळ तिने कमी केली. आज तर एसएसडी नावाची डिस्क थेट मदरबोर्डवरच बसते. तिला वायरच लागत नाही. अलीकडे असेही मदरबोर्ड बाजारात दिसू लागले, की ज्यांची बहुतेक सगळी कनेक्टर्स मागच्या बाजूला असतात. मग आता वायरी आवरण्याचं कारण उरलं का? उरलं. कारण माहितीच्या वायरी कमी झाल्या, तरी विजेच्या वायरी जाड झाल्या.

थोडं गणित सांगतो, घाबरू नका. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला एसएमपीएसकडून १२ व्होल्ट मिळतात. १२० वॉट हवे असतील, तर वायरीतून १० अँपिअर प्रवाह जातो. तेच ५ व्होल्टवर दिले, तर २४ अँपिअर लागतील. म्हणून जास्त वीज खाणाऱ्या भागांना १२ व्होल्टची वायर देतात. कनेक्टर नीट बसलेला नसला, तर तिथे विजेला अडथळा होतो आणि उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट झाला, तर त्याच अडथळ्यावर उष्णता चौपट होते. २०२२ साली मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठी १६ पिनांचा नवा कनेक्टर आला. त्यातून ६०० वॉटपर्यंत, म्हणजे ५० अँपिअर प्रवाह जाऊ शकतो. त्याच वर्षी काही कार्डांवर हे कनेक्टर वितळल्याची छायाचित्रं जगभर गाजली. कनेक्टर पुरता आत बसलेला नसणं हे एक मुख्य कारण असल्याचं कार्डाच्या निर्मात्यांनी सांगितलं. २०२३ मध्ये त्याची रचना सुधारण्यात आली.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की वायर दिसू नये म्हणून कनेक्टरच्या तोंडाशीच ती करकचून वाकवली, की कनेक्टर एका बाजूने उचलला जातो. म्हणून अशा जाड केबलला पहिले साडेतीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्यावं आणि मग वळवावं. वायर नीट हवी, ताणलेली नको. दोन बोटं आत जातील एवढी ढिलाई ठेवली, की पुरे.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर डब्याचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. त्याच्या आत बंद केल्यावरही धोकादायक वीज साठून राहते.

मग वायरींच्या वाटा ठरवा. हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये मदरबोर्डच्या पाठीमागे बोट-दीड बोट जागा असते आणि तिथे जायला भोकं ठेवलेली असतात. वायरी मागून न्यायच्या आणि जिथे जोडायची, त्याच्या जवळच्या भोकातून पुढे काढायची. प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची केबल सगळ्यांत आधी मागून वर न्या. तिची जागा बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि बोर्ड व मोठा पंखा बसल्यावर तिथे हात शिरत नाही. त्यानंतर बोर्डाची २४ पिनांची जाडजूड केबल, मग ग्राफिक्स कार्डाची, मग साटा, आणि शेवटी बटणांच्या व दिव्यांच्या बारीक वायरी. जाड आधी, बारीक मागाहून. घर लावताना कपाट आधी आणि पितळी डबे नंतर, तसंच.

महत्त्वाचं म्हणजे बांधायची घाई करू नका. आधी कॉम्प्युटर सुरू करून पाहा, सगळे पंखे फिरतात ना, डिस्क दिसते ना, ते बघा. मग बंद करून, प्लग काढून बांधा. बांधायला कापडाची वेल्क्रो पट्टी उत्तम. ती कितीदाही सोडता येते. नायलॉनचा टाय सोडवताना कात्री लागते आणि कात्रीबरोबर एखादी वायरही जाते, हे मी करून पाहिलेलं आहे! टाय वापरलाच, तर वायरीत रुतेल एवढा आवळू नका. साटा केबल एकाहून जास्त असतील, तर टोकाला कागदाची चिठ्ठी चिकटवा. शेवटी प्रत्येक पंखा बोटाने एकदा हळूच फिरवून पाहा. कुठे घासत नाही ना? आणि मागचं झाकण गुडघ्याने दाबून लावावं लागत असेल, तर समजा की आत एखादी वायर चेमटते आहे. झाकण काढा आणि पुन्हा मांडा.

एक इशारा जरूर लक्षात ठेवा. हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या केबल्स सुट्या निघतात. नको असतील त्या लावायच्याच नाहीत, ही चांगली सोय. पण एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका. कित्येकदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही जुळत नाही. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम काय असावा, याचं कोणतंही समान प्रमाण नाही. ती बसते, पण चुकीचं व्होल्टेज देऊन डिस्क जाळू शकते. डिस्क गेली म्हणजे तिच्यातले फोटो आणि कागदपत्रंही गेली. म्हणून उरलेल्या केबल्स एका पिशवीत घालून, वर मॉडेलचं नाव लिहून त्याच एसएमपीएसच्या खोक्यात ठेवा.

लोक विचारतात, वायरी आवरल्या की कॉम्प्युटर थंड राहतो का? खरं सांगायचं, तर हल्लीच्या ऐसपैस कॅबिनेटमध्ये त्यामुळे तापमानात फार फरक पडत नाही. समोरच्या पंख्यापुढे वायरींचा गुंता आला, तर मात्र पडतो. खरा फायदा धुळीचा. आपल्याकडे घराघरांत धूळ. गुंत्यात ती जाळ्यासारखी धरते, ब्रश शिरत नाही आणि पंखे व जाळ्या हळूहळू बुजतात. वायरी एका बाजूला असल्या, तर वर्षातून दोनदा मऊ ब्रश फिरवला की काम होतं. उंदराने कुरतडलेली वायरही लगेच नजरेस पडते. आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणाऱ्याचा वेळ वाचतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतात.

त्या डीटीपीवाल्या बाईंचं राहिलं. २०१० साली त्यांनी मला पुन्हा नवा कॉम्प्युटर जोडायला बोलावलं. तोवर त्यांचं छोटंसं ऑफिस झालं होतं, दोन मुली कामाला होत्या. जोडून झाल्यावर मी धीर करून सांगितलं, की मागच्या वेळी दोष विजेचा नव्हता, माझ्या केबलचा होता. स्टॅबिलायझरचे पैसे पुढे केले.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तुम्ही ती पट्टी पंख्यातून सोडवलीत, तेव्हा मी चहा घेऊन मागेच उभी होते. म्हटलं, कधीतरी सांगतील."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. नव्या डब्याचं झाकण मात्र मला पुन्हा काढायला लावलं, टॉर्च मागवला आणि आतली एकेक वायर कुठून कुठे जाते, ते त्या दोन मुलींना दाखवायला सांगितलं.