चाळीस म्हणजे नक्की किती?

साठच्या दशकातल्या लोटस कॉर्टिनाचं बॉनेट उघडलं, की नजर आधी जाते ती आडव्या बसवलेल्या जोडीवर. वेबर ४० डीसीओई! एदोआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात सुरू केलेल्या कंपनीचा हा कार्ब्युरेटर आजही क्लासिक कारवाल्यांचा वीक पॉइंट. मीही त्याच पंगतीतली! पण बॉस, नुसतं नाव वाचून पाकीट उघडू नका.

आधी अंगावर ठोकलेला नंबर वाचा. ४० म्हणजे थ्रॉटलपाशी नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. डीसीओई म्हणजे आडवा, दोन नळ्यांचा. पुढचा आकडा मॉडेलचा उपप्रकार सांगतो. इटलीचा की स्पेनचा, तेही बघा. पुढे उत्पादन स्पेनला गेलं. स्पॅनिश माल वाईट नाही, पण त्याला ‘ओरिजिनल बोलोन्या’चा भाव कशाला?

खरी गोम मात्र आत आहे. नळीत बसणारी व्हेंचुरी बदलता येते आणि हवेचा वेग तीच ठरवते. इंजिनाच्या मानाने ती मोठी असेल, तर कमी आरपीएमला हवा मंदावते, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी गचके खाते. रेसचा सेटअप ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये रुसतो, तो यामुळेच.

जोडी असेल, तर दोघांची हवा सारखी करून घ्या. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. फुसफुस सारखीच ऐकू यायला हवी.

मोठा आकडा मित्रांना सांगायला झकास. गाडीला विचाराल, तर तिला हवा मापातच हवी!