पहिल्या पाळीची धास्ती

थळच्या किनाऱ्यावर, समोर खांदेरी किल्ला बघत वाढलेली मुलगी तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम संपवून मुंबईच्या एखाद्या वृद्धाश्रमात रुजू होते आणि आठवड्यातच गांगरते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ च्या पुस्तकात नव्या परिचारिकांच्या या अवस्थेला ‘वास्तवाचा धक्का’ म्हटले.

रुग्णालयातला रुग्ण बहुधा बरा होऊन घरी जातो. वृद्धाश्रमात मात्र तेच आजोबा महिनोन्‌महिने असतात. दर दोनेक तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यातच गोळ्या, भरवणे, लघवीची नळी आणि मध्यरात्री घाबरून उठणाऱ्या आजी. सगळे एकदमच येते. गोंधळणे म्हणजे नालायकी नव्हे. सुरुवातीला अनुभवी सिस्टरबरोबरच पाळी लावावी. एकटीवर रात्रपाळी टाकणे हा रुग्णावरही अन्याय आहे. तासवार कामे खिशातल्या वहीत लिहिली, तर निम्मी धास्ती कमी होते.