स्पॅनिशचं वाक्य बरोबर की चूक? अ‍ॅप, एआय की माणूस, कोणाला विचारायचं?

डुओलिंगोवर महिनाभर झाला, शब्द पाठ झाले, आता स्वतःची वाक्यं लिहायची आहेत. खरी अडचण इथेच सुरू होते. वाक्य लिहिलं, पण ते तपासणार कोण? अमरावती-अकोल्यात इंग्रजीच्या ट्यूशनचे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात. स्पॅनिशची वही तपासून देणारं माणूस शोधायला गेलात, तर बहुतेक वेळा गाडी ऑनलाइनवरच येते.

माझी मावसबहीण सध्या डेले ए1 ची तयारी करतेय. इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस ही परीक्षा घेतं आणि त्यातली ही सगळ्यात पहिली पातळी आहे. लिखाणाचा भाग 25 मिनिटांचा असतो आणि तिथे मोबाइल नसतो. म्हणजे घरी मोबाइलने वाक्य सुधारून दिलं, एवढ्याने भागत नाही. चूक का झाली, ते तिला कळायला हवं. मी भाषेचा शिक्षक नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण ही टूल्स आतून कशी चालतात ते माहीत असल्यामुळे कोणतं कुठे वापरायचं, ते सांगू शकतो.

(उच्चार कळावा म्हणून स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत लिहिलेत. टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचे.)

आधी कीबोर्ड नीट करा

जीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'भाषा' उघडा आणि स्पॅनिश जोडा. हे टाळू नका, कारण 'तेंगो 20 आन्योस' म्हणजे 'मी 20 वर्षांचा आहे'. त्यातल्या 'एन' अक्षरावरची नागमोडी रेघ राहिली, तर 'वर्षं' जाऊन तिथे 'गुदद्वारं' येतात! इंग्रजी कीबोर्डवर 'एन' दाबून धरलं तरी ते अक्षर मिळतं. प्रश्नचिन्ह दाबून धरलं की उलटं प्रश्नचिन्ह येतं. स्पॅनिशमध्ये प्रश्नाच्या सुरुवातीला ते लागतंच.

1. ग्रामर चेकर: नियम पक्के, मन वाचता येत नाही

लँग्वेजटूल हे ओपन सोर्स टूल स्पॅनिश तपासतं आणि त्याची मोफत आवृत्ती नवशिक्यांना पुरते. ते प्रत्येक शब्दाला लेबल लावतं: हे नाम, हे पुल्लिंगी, हे एकवचनी. मग नियमांशी जुळवतं. 'ला लिब्रो' लिहिलं, तर स्त्रीलिंगी 'ला' आणि पुल्लिंगी 'लिब्रो' (पुस्तक) यांचं जुळत नाही, म्हणून 'एल लिब्रो' सुचवतं.

आता ही दोन वाक्यं बघा:

- एस्तोय कान्सादो: मी दमलोय.
- एस्तोय कासादो: माझं लग्न झालंय.

फरक एका अक्षराचा. व्याकरण दोन्हीचं बरोबर. तुम्हाला 'दमलोय' म्हणायचं होतं, हे चेकरला कुठून कळणार? 'सोय' आणि 'एस्तोय' यांचंही तसंच. मराठीत दोन्हीकडे 'आहे' चालतं: मी अकोल्याचा आहे, मी अकोल्यात आहे. स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'सोय' आणि दुसऱ्याला 'एस्तोय'. 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणजे मला कंटाळा आलाय, तर 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मी माणूसच कंटाळवाणा आहे. इथे लाल रेघ येईलच अशी आशा धरू नका.

2. एआय चॅटबॉट: हुशार, पण जास्तच मदत करतो

'हे दुरुस्त कर' म्हटलं की तो अख्खं वाक्य गुळगुळीत करून देतो. तो शब्दांचा अंदाज बांधत लिहितो, त्यामुळे त्याचा ओढा जे वाक्य जास्त वापरात असतं तिकडे. तुमचं साधं पण बरोबर वाक्यही तो बदलतो आणि नेमकी चूक कोणती होती ते त्यात हरवून जातं. कधी कधी चुकीचं कारणही पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून प्रॉम्प्ट असा द्या:

"मी स्पॅनिश ए1 चा विद्यार्थी आहे. मला म्हणायचंय: 'आज मला कंटाळा आलाय.' मी लिहिलं: (तुमचं वाक्य). वाक्य पुन्हा लिहू नकोस. चूक कुठे आहे तेवढंच सांग आणि नियम मराठीत एका ओळीत दे. मी सुधारल्यावर तपास. चूक नसेल तर 'बरोबर' एवढंच म्हण."

यात सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे मराठीतला मूळ अर्थ. तो दिलात तरच 'सोय-एस्तोय'सारखी चूक पकडली जाते. शब्दाबद्दल शंका आली, तर स्पॅनिश अकादमीचा ऑनलाइन शब्दकोश मोफत आहे, तिथे खात्री करा.

3. माणूस: शेवटची तपासणी

हॅलोटॉक, टँडम अशा अ‍ॅपवर स्पॅनिश बोलणारे लोक भेटतात. तुम्ही त्यांना इंग्रजीत किंवा हिंदीत मदत करा, ते तुमची वाक्यं बघतील. मेक्सिको सिटी आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तेव्हा तिथे सकाळचे दहा. एका वेळी तीनच वाक्यं पाठवा आणि "असं तुम्ही खरंच बोलता का?" हे विचारा. या प्रश्नाचं उत्तर माणसाकडूनच घ्यावं. फोन नंबर, पत्ता, कॉलेज मात्र देऊ नका.

इंग्रजीतून जाऊ नका, वऱ्हाडीतून जा

बरेच जण वाक्य मनात आधी इंग्रजीत करतात आणि 'यो गुस्तो ते' लिहून बसतात. आपली भाषा इथे जास्त जवळची आहे:

- मला चहा आवडतो, वऱ्हाडीत 'मले चहा आवडते': मे गुस्ता एल ते.
- त्याले आवडते: ले गुस्ता. (हा 'ले' निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात राहतो.)
- मी घर पाहतो, पण मायले पाहतो: बेओ ला कासा, पण बेओ आ मी माद्रे. माणूस आला की आपण 'ला' किंवा 'ले' लावतो, ते 'आ' लावतात.
- मित्राला आपण 'तू' म्हणतो, स्पॅनिशमध्येही 'तू'च. मोठ्यांना 'उस्तेद'.

मात्र वय, भूक, तहान यांना 'आहे' किंवा 'लागली' चालत नाही. तिथे 'तेंगो', म्हणजे 'माझ्याकडे आहे', असं म्हणायचं.

वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे 1920 च्या दशकात मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि दिएगो रिव्हेरांच्या भित्तिचित्रात पोहोचले. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला. त्यांच्या हातात ना अ‍ॅप होतं ना कीबोर्ड. आपल्याकडे दोन्ही आहे.

आता एक वही करा आणि तीन रकाने आखा: माझं वाक्य, दुरुस्त वाक्य, का चुकलं. तिसरा रकाना स्वतःच्या शब्दांत भरा, कॉपी-पेस्ट नको. आठवड्याने पहिला रकाना झाकून मराठी अर्थावरून वाक्य पुन्हा लिहा. तेव्हा फोन बाजूला ठेवा. परीक्षेच्या त्या 25 मिनिटांत तुमच्यासोबत हा तिसरा रकानाच असणार आहे.